कुंपणापलीकडे बोलायचं कुणाशी? – वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सीमासुरक्षा आणि दहशतवादविरोधी लढ्यात देशादेशांमधलं सहकार्य, या विषयावर प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतूनच बरीच पत्रं आली. मी सीमा सुरक्षा दलात, म्हणजे बीएसएफमध्ये, अधिकारी होतो. बंगालची सीमा पाहिली, पंजाबचीही पाहिली. निवृत्तीनंतर साताऱ्यात असतो. जे स्वतः केलं ते अनुभवातून सांगतो, बाकीचं सार्वजनिक नोंदींवरून.

साहेब, माझा मुलगा बीएसएफमध्ये आहे. सध्या कुचबिहारकडे ड्युटी आहे. परवा फोनवर म्हणाला, "आज समोरच्यांबरोबर फ्लॅग मीटिंग होती, चहा-बिस्किटं झाली." ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याबरोबर चहा कसला? ते आपले मित्र की कोण? घरात कुणालाच उमगत नाही. – एक वडील, अपशिंगे मिलिटरी, ता. सातारा

दादा, तुमच्या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेली ४६ माणसं परत आली नाहीत. त्यांचा स्मृतिस्तंभ तुमच्या गावात उभा आहे. वर्दी काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. पण बांगलादेशची सीमा ही लढाईची आघाडी नाही, आणि तिथली नोकरी तुमच्या आजोबा-पणजोबांनी केली त्यापेक्षा वेगळी आहे.

ही सीमा ४,०९६ किलोमीटरची. डोंगररांग किंवा मोठी नदी बघून आखलेली नाही. भातशेतातून जाते, तळ्यातून जाते, वस्तीतून जाते. १९७५ साली दोन्ही देशांनी नियम ठरवले, त्यानुसार सीमारेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही. म्हणून आपलं तारेचं कुंपण बहुतेक ठिकाणी आपल्याच हद्दीत, आत सरकवून घातलेलं आहे. परिणाम असा, की आपल्याच शेतकऱ्यांची जमीन कुंपणाच्या पलीकडे राहिली. सकाळी ठरलेल्या वेळी गेट उघडतं. शेतकरी ओळखपत्र जमा करतो, नोंदवहीत नाव लागतं, बैल-अवजारं मोजली जातात आणि तो पलीकडे शेतात जातो. संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत परत. दिवसभर आपली माणसं कुंपणाबाहेर असतात आणि त्यांच्यात व पलीकडच्या गावात आडवा असतो फक्त एक सिमेंटचा पिलर.

आता सांगा, गाय पलीकडे जाणार नाही का? गवत कापता कापता पोरगं चार पावलं पुढं जाणार नाही का? प्रत्येक वेळी बंदुकीनं उत्तर द्यायचं ठरवलं तर एक पीकसुद्धा घरी येणार नाही. म्हणून समोरच्या बीजीबीच्या, म्हणजे बॉर्डर गार्ड बांगलादेशच्या, कंपनी कमांडरला निरोप जातो आणि झिरो लाइनवर, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेवर, ठरलेल्या पिलरजवळ, दोन्ही बाजूंची माणसं आपापला झेंडा घेऊन येतात. टेबल मांडतात. कोण आलं, काय मुद्दा, काय ठरलं, हे कागदावर येतं आणि त्यावर सह्या होतात. तक्रार असेल तर निषेधपत्र दिलं जातं, तेही हातात हात मिळवून. बोलणं संपल्यावर चहा होतो. तुमच्या मुलानं सांगितला तो हाच.

एक प्रसंग सांगतो. पावसाळा होता. आमच्या हद्दीतल्या एका गावात एक म्हातारी वारली. तिची थोरली लेक पलीकडच्या गावात दिलेली. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर घर. पण पासपोर्ट-व्हिसा करून यायचं तर दफन होऊन जाणार. गावचे पंच आमच्या चौकीवर आले. मी समोरच्या कमांडरला फोन लावला, वरिष्ठांची परवानगी घेतली आणि तासाभरात जनाजा पिलरपाशी आणला. पलीकडून लेक, जावई, एक लहान मुलगा आणि बीजीबीचे दोन जवान आले. तोंडावरचं कापड बाजूला केलं. तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. जावयानं खांद्याला धरून उठवलं तेव्हा उठली. आमच्या हवालदारानं नोंदवहीत लिहिलं: माणसं पाच, आल्याची वेळ, गेल्याची वेळ.

पुढं काही आठवड्यांनी त्याच कमांडरचा रात्री फोन आला. तुमच्या बाजूच्या बांबूच्या बेटात दोन दिवस अनोळखी माणसं थांबली आहेत, आमच्या गावात त्यांची चर्चा आहे, बघून घ्या. आम्ही गेलो. बनावट नोटांची बंडलं मिळाली. म्हातारीच्या प्रसंगाची ही फेड होती असं मी म्हणत नाही. पण माझा नंबर त्याच्याकडे होता आणि माझा आवाज त्याच्या ओळखीचा होता. दिल्ली-ढाक्यात मंत्री करार करतात, जुलै २०११ मध्ये दोन्ही दलांनी समन्वयाच्या योजनेवर सह्या केल्या, ते सगळं हवंच. तो करार रात्री दीड वाजता कामाला येतो तो अशा ओळखीच्या आवाजामुळं.

मोठ्या पातळीवर याचं फळ आसामनं पाहिलं. उल्फा या आसामातल्या फुटीर अतिरेकी संघटनेचे नेते वर्षानुवर्षं बांगलादेशात बसून सूत्रं हलवत होते. तिथलं सरकार बदललं, धोरण बदललं, आणि डिसेंबर २००९ मध्ये उल्फाचा अध्यक्ष अरविंद राजखोवा भारताच्या ताब्यात आला. १९९७ पासून ढाक्यात अटकेत असलेला अनुप चेतिया नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्याकडे सोपवला गेला. त्याच राजखोवाच्या गटानं २९ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारशी शांतता करार केला. आसामच्या जंगलात कितीही मोहिमा केल्या असत्या तरी शेजारचं घर त्यांना उघडं असेपर्यंत हे झालं नसतं.

याच सीमेवर जानेवारी २०११ मध्ये पंधरा वर्षांची एक बांगलादेशी मुलगी कुंपण ओलांडताना बीएसएफच्या गोळीनं मेली. तिचं शव तारेवर लटकत राहिलं. तो फोटो बांगलादेशात आजही घराघरात माहीत आहे. मी त्या दलाचा माणूस आहे आणि मला हे लिहिताना त्रास होतो. तस्कर रात्री टोळीनं येतात, जवानांवर दाव, म्हणजे मोठे कोयते, चालवतात, हे मी अंगावर घेतलेलं आहे. तरी त्या मुलीचं उत्तर त्यात नाही. अशी एक गोळी कित्येक फ्लॅग मीटिंगांचं काम धुऊन नेते.

मित्र की कोण, हे विचारलंत. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यातलं सरकार पडल्यावर संबंध ताणले गेले. जानेवारी २०२५ मध्ये कुंपणाच्या कामावरून दोन्हीकडच्या राजदूतांना बोलावून घेण्यापर्यंत गोष्ट गेली. तरीही त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीत आणि ऑगस्टमध्ये ढाक्यात दोन्ही दलांच्या महासंचालकांच्या बैठका झाल्या. शेजारी आहेत. तुमच्या मुलाला सांगा, बंगाली चांगली शिकून घे.

पहलगामनंतर पाकिस्तानशी सगळं तोडलं म्हणतात. मग दोन्ही सेनापतींचा फोन कशाला चालू ठेवायचा? कैद्यांच्या याद्या कशाला द्यायच्या? – निवृत्त शिक्षक, कोरेगाव

गुरुजी, तुमचा राग रास्त आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी २६ माणसं मारली गेली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. सिंधू जलकरार स्थगित झाला, अटारीचं नाकं बंद झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं, असं माझंही मत आहे.

पण दुसऱ्याच दिवशी काय झालं ते पाहा. २३ एप्रिलला फिरोजपूर भागात बीएसएफचा एक जवान कुंपणापलीकडे शेतकऱ्यांच्या सोबतीला होता. नजरचुकीनं तो हद्द ओलांडून गेला आणि पाकिस्तानी रेंजर्सनी त्याला धरलं. एरवी असा माणूस एखाद-दोन फ्लॅग मीटिंगांत परत मिळतो, मी पंजाबात असताना असे प्रकार पाहिलेत. या वेळी वातावरण पेटलेलं होतं, पलीकडून दाद मिळेना. मधल्या काळात ऑपरेशन सिंदूर झालं. १० मे रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी मोहिमांच्या महासंचालकांनी, आपल्या डीजीएमओंना फोन केला आणि गोळीबार थांबवण्याचं ठरलं. १४ मे रोजी सकाळी तो जवान अटारीहून चालत परत आला. घरी त्याची बायको गरोदर होती.

फोन तोडला असता तर ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्ताननं कुणाला फोन केला असता? तिसऱ्या देशाच्या मार्फत बोलणं आलं असतं, आणि तिसरा देश आपली किंमत लावल्याशिवाय मध्ये पडत नाही.

याद्यांचं म्हणाल, तर मे २००८ च्या करारानुसार दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. १ जुलै २०२५ लाही दिल्या, सिंदूरनंतर दोन महिन्यांच्या आत. त्या यादीत नाव आलं म्हणजे माणूस जिवंत आहे आणि त्याची जबाबदारी कुणावर तरी लिहून ठेवली आहे, असा अर्थ होतो. समुद्रात वाट चुकलेल्या मच्छीमाराच्या घरी त्या कागदाला काय मोल असतं, ते कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर विचारा. हीच रीत अणुकेंद्रांच्या यादीचीही आहे, दर १ जानेवारीला. तीसहून अधिक वर्षं, कारगिलच्या वर्षांतही, ती चुकलेली नाही.

सरकारनं व्यापार तोडावा, व्हिसा तोडावा, क्रिकेट तोडावं. ज्या वाटेनं जवान परत येतो ती वाट मात्र राखून ठेवावी.

केडंब्याचे तुकाराम ओंबळे आमच्या शेजारच्या तालुक्यातले. २६/११ च्या मुंबई हल्ल्यात त्यांनी कसाबला जिवंत पकडला. त्याचा दुसऱ्या देशांकडून सहकार्य मिळायला काही उपयोग झाला का? आणि तहव्वूर राणाला आणायला एवढी वर्षं का लागली? – एक गृहिणी, वाई

ताई, झाला. एवढा झाला, की मी तर म्हणेन त्या रात्री गिरगाव चौपाटीवर ओंबळ्यांनी रायफलची नळी धरून ठेवली नसती तर पुढचं सगळं प्रकरण आपल्या हातून निसटलं असतं. दहाही जण मेले असते तर पाकिस्तान म्हणालं असतं, ही माणसं आमची नव्हेतच. सुरुवातीला म्हणालाही. जानेवारी २००९ मध्ये कसाब आपला नागरिक असल्याचं त्यांना कबूल करावं लागलं, कारण माणूस जिवंत होता, बोलत होता, गावाचं नाव सांगत होता. ओंबळ्यांना अशोक चक्र मिळालं. पण त्यांनी देशाला काय मिळवून दिलं ते वकिलांना आणि परराष्ट्र खात्यातल्या माणसांना विचारा: एक जिवंत पुरावा.

त्या पुराव्याभोवती बाकीचे जमले. अतिरेक्यांकडच्या जीपीएस उपकरणांची तपासणी अमेरिकेच्या एफबीआयनं केली आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनी मुंबईच्या खटल्यात साक्ष दिली. १६६ मृतांत अमेरिकेचे नागरिकही होते, म्हणजे तो त्यांचाही खटला होता. असं हित जुळलं, की सहकार्य वेगानं होतं.

हित जिथं पूर्ण जुळत नाही तिथं ते अडखळतं. डेव्हिड हेडली हा हल्ल्याआधी मुंबईची रेकी, म्हणजे टेहळणी, करणारा. तो ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत पकडला गेला. मार्च २०१० मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला आणि बदल्यात अमेरिकी सरकारनं त्याला लिहून दिलं, की तुला भारताकडे सोपवणार नाही, फाशीही होणार नाही. त्यांना त्याच्याकडून माहिती हवी होती. आपल्या एनआयएला, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेला, त्याची चौकशी करू दिली, पण शिकागोतच. २०१६ मध्ये त्यानं मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली, तीही अमेरिकेतून व्हिडिओवर. त्याला तिथं ३५ वर्षांची शिक्षा झाली. मुंबईत तो कधीच उभा राहणार नाही, आणि याचं मला आजही दुःख आहे.

राणा त्याचा मित्र. मूळचा पाकिस्तानी लष्करातला डॉक्टर, नंतर कॅनडाचा नागरिक. शिकागोत इमिग्रेशनचा धंदा करायचा. त्या धंद्याच्या मुंबईतल्या ऑफिसच्या आडोशानं हेडली इथं वावरला. राणालाही २००९ मध्येच अटक झाली, पण २०११ मध्ये तिथल्या ज्युरीनं त्याला डेन्मार्कमधला कट आणि लष्कर-ए-तैयबाला मदत यांत दोषी धरलं आणि मुंबईच्या आरोपातून मोकळं केलं. गाठ इथं पडली. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, हे तत्त्व तिथंही आहे, आपल्याकडेही आहे. राणाचे वकील तेच धरून बसले. आपण जे आरोप ठेवले, फसवणूक, बनावट कागदपत्रं, कट, ते अमेरिकेतल्या आरोपांपेक्षा वेगळे आहेत हे तिथल्या न्यायालयाला तिथल्या कायद्यानुसार पटवून द्यावं लागलं. २०२० मध्ये आपल्या विनंतीवरून त्याला पुन्हा अटक झाली. मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशानं होकार दिला. मग अपिलावर अपील. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दार बंद केलं आणि १० एप्रिल २०२५ रोजी तो दिल्लीत उतरला. १९९७ चा प्रत्यार्पण करार होता म्हणून हे झालं.

या वर्षांत आपल्या अधिकाऱ्यांच्या किती तुकड्या बदलल्या असतील! प्रत्येकानं पुढच्याला फाईल नीट लावून दिली म्हणून ती टिकली. त्यांची नावं पेपरात आली नाहीत. ओंबळ्यांच्या नावापुढं मी त्यांची नावं ठेवणार नाही, पण त्यांचंही ऋण आहे.

पाकिस्तानातल्या खटल्याचं काय झालं, असंही तुम्ही पत्रात विचारलंय. २००९ मध्ये सात जणांवर तो सुरू झाला. सरकारी वकिलाची २०१३ मध्ये इस्लामाबादेत गोळ्या घालून हत्या झाली. मुख्य आरोपी लख्वी २०१५ मध्ये जामिनावर बाहेर आला.

माझे भाऊ सिलिगुडीला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात आहेत. सोन्याच्या कागदपत्रांवरून तिथं सारखी चौकशी होते. पॅरिसमध्ये बैठक होते आणि त्रास विट्याच्या माणसाला, हे कसं? – गलाई व्यावसायिक, विटा

तुमचे लोक देशाच्या कानाकोपऱ्यात भट्टी लावून बसलेत, हे मला नोकरीत असताना जागोजागी दिसलं. बंगालमधल्या एका बाजारात "कोण गाव?" असं मराठीत विचारलं आणि आटपाडीचा माणूस निघाला, तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. त्यामुळं तुमची तक्रार मी आपल्या माणसाची म्हणून ऐकतो.

पण सोनं ही सीमेवरची सगळ्यात सोपी चोरटी वस्तू आहे. बांगलादेशकडून उत्तर चोवीस परगण्याच्या बाजूनं बिस्किटं येतात. सायकलच्या नळीत, चपलेच्या तळात, शरीराच्या आत लपवलेली. आयात शुल्क जास्त असलं की चोरी फायद्याची. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं, त्यामागं हेही एक कारण होतं. चोरटं सोनं एकदा वितळलं की त्याच्यावरचा शिक्का गेला, ओळख गेली. म्हणून तपास करणारा माणूस भट्टीपाशी येतो. आणि हवालाचा हिशेब पुष्कळदा सोन्यानं चुकता होतो, ज्यातला काही पैसा बंदुकीपर्यंत जातो.

पॅरिसमध्ये जी संस्था आहे ती एफएटीएफ, काळा पैसा आणि दहशतवादाला मिळणारा पैसा रोखण्यासाठी देशांनी मिळून केलेली. १९८९ मध्ये स्थापन झाली, भारत २०१० पासून सदस्य. तिच्याकडे ना पोलीस ना फौज. ती देशांना गुण देते. ज्या देशाला करड्या यादीत टाकते त्याच्याशी व्यवहार करताना जगभरच्या बँका सावध होतात. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या यादीत होता. बाहेर पडण्यासाठी त्याला ३४ कलमं पुरी करावी लागली. हाफिज सईदला दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल तिथल्याच न्यायालयानं शिक्षा दिली ती याच काळात. त्या चार वर्षांत निषेधखलित्यांनी जे झालं नव्हतं ते बँकांच्या भीतीनं झालं. सदैव पुरेल असं झालं नाही, हे पुढं दिसलंच. तरी मी त्या हत्याराला मानतो.

आता हेच गुण आपल्यालाही मिळतात. जून २०२४ मध्ये भारताचं मूल्यमापन झालं आणि आपण चांगल्या गटात आलो. त्यासाठी आपल्या सराफांनाही नियम लावावे लागले. डिसेंबर २०२० पासून सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यानं दहा लाख किंवा त्यावरचा रोख व्यवहार केला तर त्याची नोंद आणि कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. भावाला सांगा, गाळायला आलेल्या प्रत्येक डागाची पावती, देणाऱ्याचं ओळखपत्र आणि वजनाची नोंद एकाच वहीत ठेवा. चौकशीला येणारा माणूस वही बघून पाच मिनिटांत जातो. आणि कागद नीट असतानाही कुणी चिरीमिरीसाठी अडवत असेल तर लेखी तक्रार करा. गलाईवाल्यांच्या संघटना आहेत, एकट्यानं जाऊ नका.

लहान देश मोठ्या देशाला दहशतवादाविरुद्ध खरंच मदत करतो का? – जत

भूताननं केली. १९९० नंतर आसामातले उल्फा, बोडो आणि कामतापुरी अतिरेकी भूतानच्या दक्षिणेकडच्या जंगलात तळ टाकून होते. राजानं कित्येक वर्षं त्यांना समजावलं, निघून जा म्हणून सांगितलं. नाही ऐकलं. १५ डिसेंबर २००३ रोजी भूतानच्या छोट्याशा सैन्यानं कारवाई सुरू केली. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः आघाडीवर होते. तीस तळ उद्ध्वस्त केले. आपल्या सैन्यानं आपली बाजू बंद करून धरली आणि त्यांच्या जखमींवर आपल्या इस्पितळांत उपचार झाले. त्यात भूतानचेही जवान मेले. आपल्या शाळांमध्ये हे शिकवलं जात नाही, ते शिकवलं जावं.

रेड कॉर्नर नोटीस निघाली तरी आरोपी परदेशात मोकळे कसे फिरतात? इंटरपोल पकडत का नाही? – तरुण वकील, सांगली

वकीलसाहेब, कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. इंटरपोलकडे अटक करणारे पोलीस नाहीत. ते फ्रान्समधल्या लिऑनचं निरोप पोचवणारं कार्यालय आहे. नोटीस पाहून काय करायचं ते त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. शिवाय राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात पडायचं नाही, असं त्यांच्या घटनेच्या तिसऱ्या कलमातच आहे. आरोपीचे वकील नेमके तिथंच बोट ठेवतात.

अबू सालेमचं उदाहरण घ्या. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत मुंबईत २५७ माणसं गेली. त्या खटल्यातला आरोपी सालेम २००२ मध्ये पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, सापडला. पोर्तुगालात फाशी नाही, जन्मभराची कैदही नाही. तो देश म्हणाला, आमच्या कायद्यात बसत नाही अशी शिक्षा देणार असाल तर माणूस देणार नाही. डिसेंबर २००२ मध्ये उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारताच्या वतीनं लेखी हमी दिली: फाशी नाही, २५ वर्षांवर तुरुंगवास नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम आला. २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली, आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की २५ वर्षं पुरी झाल्यावर सरकारनं दिलेला शब्द पाळावा.

स्फोटात घरातलं माणूस गेलेल्याला हे कसं वाटत असेल याची मला कल्पना आहे. तरीही न्यायालयाचं बरोबर आहे. उद्या दुसऱ्या कुठल्या देशाकडे आपण आरोपी मागायला गेलो, तर तिथला न्यायाधीश पहिल्यांदा हेच बघणार, की पोर्तुगालला दिलेला शब्द भारतानं पाळला का.

काका, मी साताऱ्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मला सीमेवर अधिकारी म्हणून काम करायचं आहे. घरचे म्हणतात, मुलींचं काम नाही. काय करू? – विद्यार्थिनी, सातारा

पोरी, आपल्या जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी दोन मुलांची आई असताना परीक्षा दिली आणि २०१७ मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या. घरच्यांना एवढं सांग.

कुंपणाच्या गेटवर बायकांची तपासणी महिला जवानच करतात, आणि गावातल्या बाया पुरुष अधिकाऱ्याला जे कधी सांगणार नाहीत ते त्यांना सांगतात. फ्लॅग मीटिंगच्या टेबलावर अजून बायका फार कमी दिसतात. ती जागा भरायला हवी.

यूपीएससीची सीएपीएफ, म्हणजे केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची, असिस्टंट कमांडंट परीक्षा दे. वय २० ते २५, कुठलीही पदवी चालते. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी आणि एसएसबी या पाचही दलांसाठी एकच परीक्षा असते. एसएसबीकडे नेपाळ आणि भूतानची सीमा आहे, आयटीबीपीकडे चीनची. पहिला पेपर २५० गुणांचा, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्तेचा. दुसरा २०० गुणांचा, त्यात निबंध असतो. दोन्ही एकाच दिवशी. मुलाखत १५० गुणांची. मुली बहुतेक अभ्यासात कमी पडत नाहीत, मैदानावर उशिरा उतरतात. म्हणून उद्या सकाळपासून शाहू स्टेडियमवर जायला लाग. मुलींसाठी १०० मीटर १८ सेकंदांत, ८०० मीटर ४ मिनिटं ४५ सेकंदांत, आणि लांब उडी ३ मीटर, तीन प्रयत्नांत.